फौजदारी न्याय विषयात पदवी करताना पेपर कसे निवडावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर किंवा पदवीच्या पहिल्या वर्षात असताना ज्यांना पोलीस, न्यायालय, तुरुंग, न्यायसहायक प्रयोगशाळा किंवा पीडितांसोबतच्या कामाकडे वळायचं आहे, त्यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. पालकांचे काही प्रश्नही यात घेतले आहेत.

"क्रिमिनल जस्टिस" नावाची पदवी महाराष्ट्रात कुठे मिळते?

नेमकं हेच नाव असलेली पदवी आपल्याकडे फार थोड्या ठिकाणी आहे. त्या नावाच्या शोधात वर्ष घालवू नका. आपल्याकडे हा विषय वेगवेगळ्या दारांनी शिकला जातो. मुंबई, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या शासकीय संस्थांत बी.एस्सी. फॉरेन्सिक सायन्स आहे, त्याला बारावी विज्ञान लागतं. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या राष्ट्रीय विधी विद्यापीठांत आणि इतर विधी महाविद्यालयांत पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम आहे. तिसरा रस्ता समाजशास्त्र, मानसशास्त्र किंवा राज्यशास्त्रात बी.ए. करून पुढे तीन वर्षांचं एलएल.बी. किंवा समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी घेण्याचा. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतलं गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयातलं शिक्षण याच रस्त्यावर येतं.

राज्याबाहेर जायची तयारी असेल तर सागर, मद्रास आणि धारवाड इथल्या विद्यापीठांत गुन्हेशास्त्राचे जुने विभाग आहेत. गांधीनगरला राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठ आणि राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे. त्यातल्या पहिल्याचं एक केंद्र गोव्यात फोंड्याला आहे, त्यामुळे सिंधुदुर्ग-कोल्हापूरकडच्या मुलांना ते जवळ पडतं.

दार कोणतंही निवडा, आत गेल्यावर कोणते पेपर कोणत्या क्रमाने घेता यावर पुढचं बरंच ठरतं.

क्रेडिटचा हिशेब कसा मांडायचा?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ क्रेडिट लागतात. एका सेमिस्टरला साधारण २० ते २२. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांची शिकवणी, प्रात्यक्षिकाचं ३० तासांचं काम. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (ऐच्छिक पेपर), कौशल्याचे पेपर, फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग हे कप्पे विद्यापीठ ठरवून देतं. त्यातले दोन-तीन कप्पेच खऱ्या अर्थाने तुमच्या हातात असतात.

म्हणून आखणी मेजरपासून सुरू करण्यापेक्षा मायनर आणि ओपन इलेक्टिव्हपासून करा. मेजर समाजशास्त्र किंवा राज्यशास्त्र असेल तर मायनर मानसशास्त्र घ्या, आणि महाविद्यालयात सोय असेल तर संख्याशास्त्र घ्या. ओपन इलेक्टिव्ह दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा असतो. बहुतेक जण तिथे सोपा पेपर शोधतात. कला शाखेच्या मुलांनी संगणकाचा किंवा प्राथमिक रसायनशास्त्राचा पेपर घेतला तर पुढे प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना हात थरथरत नाहीत. विज्ञान शाखेच्या मुलांनी भारतीय संविधान किंवा समाजशास्त्र घ्यावं.

पहिल्या वर्षी काय घ्यावं आणि काय मागे ठेवावं?

पहिल्या वर्षी पाया: संविधान, समाजशास्त्राची ओळख, सामान्य मानसशास्त्र आणि लेखन. संविधानातले अनुच्छेद २०, २१ आणि २२ इतके पक्के करा की झोपेतून उठवलं तरी सांगता यावेत. अटकेतल्या माणसाला २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडायचं नाही, एकाच गुन्ह्यासाठी दोनदा शिक्षा नाही, या तीन गोष्टींवर पुढचे निम्मे पेपर उभे आहेत.

दुसऱ्या वर्षी गुन्हेशास्त्र, भारतीय न्याय संहिता म्हणजे गुन्हे आणि शिक्षांचा कायदा, आणि संख्याशास्त्र किंवा संशोधन पद्धती. संशोधन पद्धतीचा पेपर शेवटच्या सेमिस्टरवर ढकलायची आपल्याकडे फार सवय आहे. त्यामुळे फील्ड प्रोजेक्ट आधी होतो आणि तो कसा करायचा हे नंतर शिकवलं जातं. निवड तुमच्या हातात असेल तर हा क्रम उलटा करा.

तिसऱ्या वर्षी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता म्हणजे कार्यपद्धती, भारतीय साक्ष्य अधिनियम, तुरुंग आणि सुधारसेवा, पीडितशास्त्र म्हणजे गुन्ह्याची झळ बसलेल्यांचा अभ्यास, आणि एक विशेष विषय: सायबर, बालन्याय, अमली पदार्थ, जो तुमच्या मनाचा असेल तो. अनेकांना सायबर आणि गुन्हेगारी मानसशास्त्र पहिल्याच वर्षी हवं असतं. ते मागे ठेवा. डिजिटल पुरावा न्यायालयात कसा टिकतो हे कळायला आधी पुरावा म्हणजे काय हे कळावं लागतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाइलची डिजिटल ओळखखूण, नोंदवावी लागते. हा पेपर आधी झालेला असला की सायबरचा तास एकदम जमिनीवर येतो.

कार्यपद्धती आणि साक्षीपुरावा हे पेपर फार रटाळ आहेत असं ऐकलं. टाळता येतील का?

टाळू नका. अख्ख्या पदवीतून दोनच पेपर निवडायला सांगितले तर मी हेच दोन निवडेन.

एक साधा पंचनामा घ्या. कोणत्या दिवशी, किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला. दोन पंच कोण, त्यांचा धंदा काय, राहणार कुठले. जागेची चतुःसीमा: पूर्वेला रस्ता, पश्चिमेला अमक्याचं घर, उत्तरेला मोकळी जागा. कोणती वस्तू कुठे, जमिनीवर की कॉटखाली, किती अंतरावर मिळाली. ती कशात गुंडाळली, लाखेचं सील कोणी लावलं, लेबलवर पंचांच्या सह्या आहेत का. मग तो मुद्देमाल पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल कक्षात कधी जमा झाला, तिथून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत कोणी आणि कोणत्या तारखेला नेला, तिथे सील शाबूत होतं का. मधल्या चार दिवसांची नोंद नसेल तर उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमका तिथेच बोट ठेवतो, आणि ठेवायलाच हवं, कारण समोर एका माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलेलं असतं. प्रयोगशाळेतलं विज्ञान कितीही अचूक असो, ही साखळी तुटली की त्याला वजन राहत नाही. निर्दोष माणूस अडकतो तो इथेच, आणि खरा आरोपी सुटतो तोही इथेच.

नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १०५ ने झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केलं आहे. कलम १७६(३) नुसार सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं अपेक्षित आहे. राज्यांना ही तरतूद लागू करायला पाच वर्षांची मुदत दिली आहे. म्हणजे तुमची पदवी पूर्ण होईल त्या सुमारास कार्यपद्धती आणि विज्ञान दोन्ही समजणारी माणसं मोठ्या संख्येने लागणार आहेत.

आता कायदे बदलले. मग भारतीय दंड संहिता शिकायची की नाही?

१ जुलै २०२४ पासून १८६० ची दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा कायदा जाऊन अनुक्रमे न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम हे तीन नवे कायदे आले. पेपर नव्या कायद्यांचे घ्या. पण जुनी कलमं पुसून टाकू नका. त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी दंड संहिताच लागते, आणि असे लाखो खटले अजून चालू आहेत. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचे आजवरचे निवाडे जुन्या क्रमांकांनीच बोलतात.

वहीच्या मागे एक तक्ता स्वतःच्या हाताने तयार करा. खुनाची शिक्षा ३०२ वरून १०३ वर, फसवणूक ४२० वरून ३१८(४) वर, पतीकडून छळ ४९८अ वरून ८५ वर; कार्यपद्धतीच्या कायद्यात एफआयआर १५४ वरून १७३ वर, अटकपूर्व जामीन ४३८ वरून ४८२ वर. छापील तक्ता विकत मिळतो, पण स्वतः लिहिताना मजकुरात कुठे शब्द बदलला आहे ते लक्षात येतं. समाजसेवेची शिक्षा आणि हिसकावून चोरी हे तर न्याय संहितेत नव्याने आलं आहे.

मला गुन्हेगारांचं मन वाचायचं आहे. प्रोफाइलिंगचा, म्हणजे गुन्ह्यावरून गुन्हेगाराच्या स्वभावाचा अंदाज बांधण्याचा, पेपर कुठे असतो?

ही ओढ खरी असते आणि तिच्यामुळेच बरेच जण या विषयाकडे येतात. मानसशास्त्र जरूर घ्या. पण जिल्ह्याच्या ठिकाणी रोज काय येतं ते आधी पाहा: मारहाण, चोरी, दारू, घरगुती हिंसा, अपघात, जमिनीवरून झालेली भांडणं, मोबाइलवरची फसवणूक. मन वाचायचं असेल तर आठ वर्षांच्या मुलीचा जबाब तिला पुन्हा न दुखावता कसा घ्यायचा, साक्षीदाराची स्मृती कशी दगा देते, आणि माणूस न केलेल्या गुन्ह्याची कबुली का देतो, हे शिका. नार्को चाचणीबद्दल, म्हणजे औषध देऊन गुंगीत प्रश्न विचारण्याबद्दल, आकर्षण असेल तर २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा निवाडा वाचा. संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही, हे त्यात स्पष्ट सांगितलं आहे.

गुन्हेशास्त्राच्या पेपरमध्ये महाराष्ट्राचं काही असतं का?

पाठ्यपुस्तकात थोडंच असतं, ते तुम्ही प्रोजेक्टमधून आणा. इटलीच्या लोम्ब्रोसोने "जन्मजात गुन्हेगार" ही कल्पना १८७६ मध्ये मांडली, हे पहिल्याच प्रकरणात येतं. त्याच्या पाच वर्षं आधी, १८७१ मध्ये, इंग्रज सरकारने इथे गुन्हेगार जमाती कायदा करून माणसांच्या जातीच्या जाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. हजेरी, परवाना, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरची सेटलमेंट ही अशीच, त्या कायद्याखालची वसाहत. १९५२ मध्ये तो कायदा गेला आणि ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन झाला, पण पारधी वस्तीत आजही चोरी झाली की आधी कुणाकडे पाहिलं जातं हे आपल्याला ठाऊक आहे. गुन्हेशास्त्र शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने हा विषय टाळून पदवी घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

दुसरं उदाहरण १९७२ मध्ये देसाईगंज पोलीस ठाण्यात पोलिसांनी एका मुलीवर बलात्कार केल्याच्या आरोपाचं, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडलं. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात पीडितेने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं, असं पुरावा कायद्यात आलं. साक्षीपुराव्याच्या नियमामागे किती मोठी लढाई असू शकते हे या एका प्रकरणातून कळतं.

तिसरं आनंदाचं आहे. सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत औंध संस्थानने १९३९ मध्ये सुरू केली. भिंतीशिवायचा तुरुंग ही कल्पना आपल्या मातीत तेव्हापासून आहे. सुधारसेवेच्या पेपरला याहून चांगला विषय शोधून सापडणार नाही.

गणिताची भीती वाटते. संख्याशास्त्र घ्यावंच लागेल का?

घ्या. इथे लागणारं संख्याशास्त्र दहावीच्या गणितापलीकडे फारसं जात नाही, लागते ती विचारांची शिस्त. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात एका गुन्ह्यात अनेक कलमं असली तर सर्वांत गंभीर कलमाखालीच तो मोजला जातो. बलात्कार करून खून झाला तर तो बलात्काराच्या आकड्यात धरला जात नाही. हा एक नियम माहीत नसेल तर तुमचा अख्खा प्रोजेक्ट चुकीच्या पायावर उभा राहील. एखाद्या जिल्ह्यात नोंदी वाढल्या म्हणजे गुन्हे वाढले असंही नसतं. बाईला ठाण्यात नीट वागणूक मिळू लागली, तक्रार लिहून घेतली जाऊ लागली, तरी आकडा वाढतो. आणि मुंबईचा आकडा हिंगोलीशी ताडताना लोकसंख्येच्या प्रमाणात दर काढावा लागतो.

तुरुंगाची आकडेवारीही पाहा. देशातल्या दर चार कैद्यांपैकी साधारण तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे आधी कधीही दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडण्याची तरतूद आहे, फाशी आणि जन्मठेपेचे गुन्हे वगळून. ही तरतूद आणि ते आकडे शेजारी ठेवून जो विद्यार्थी बसेल, त्याला प्रोजेक्टचा विषय शोधावा लागणार नाही.

फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंग कुठे करावं?

सुरुवात न्यायालयापासून करा, कारण तिथे कुणाची ओळख लागत नाही. फौजदारी न्यायालयं जनतेला खुली असतात. लैंगिक अत्याचाराचे खटले बंद दाराआड चालतात आणि बालन्याय मंडळाच्या कामकाजाला बाहेरच्याला बसता येत नाही, एवढं सांभाळा. सकाळी अकराच्या आधी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात मागच्या बाकावर बसा, फोन बंद ठेवा. रिमांडला आणलेल्या माणसाला न्यायाधीश काय विचारतात, त्याच्या बाजूने वकील उभा आहे का, नातेवाईक दारात कुठे उभे आहेत, हे वहीत उतरवा. महिन्याभरात तुम्हाला जे दिसेल ते कुठल्याही नोट्समध्ये मिळत नाही.

ट्रेनिंगसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ही सर्वांत चांगली जागा. ते प्रत्येक जिल्ह्यात आहे आणि मोफत कायदेशीर मदतीचं काम तिथून चालतं. मुंबईत टाटा संस्थेने पोलिसांबरोबर १९८४ मध्ये सुरू केलेला महिला आणि बालकांसाठीचा विशेष कक्ष आज राज्यभर पोलीस ठाण्यांशी जोडून काम करतो. त्याच संस्थेचा प्रयास हा प्रकल्प १९९० पासून कच्च्या कैद्यांसोबत आहे. तुरुंगात जायचं असेल तर कारागृह विभागाची लेखी परवानगी लागते, त्यामुळे महाविद्यालयाच्या पत्रासह आधीच्या सेमिस्टरमध्येच अर्ज टाका. कायद्याच्या विद्यार्थ्यांना बार कौन्सिलच्या नियमाने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे इंटर्नशिप करावीच लागते.

नोंदवहीत पीडितेचं नाव, गाव, शाळा काहीही लिहू नका. ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी ते लिहू नये.

पीएसआय किंवा न्यायाधीश व्हायचं असेल तर हीच पदवी लागते का?

लोकसेवा आयोगाच्या पीएसआय परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते. ही पदवी असल्याने आपोआप जागा मिळत नाही, शारीरिक चाचणी आणि लेखी परीक्षा सगळ्यांना सारख्याच. न्यायाधीश किंवा सरकारी वकील व्हायला कायद्याची पदवी हवीच. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा आणली आहे, ती वर्षं आखणीत धरा. प्रयोगशाळेत जायचं तर विज्ञानाची पदवी लागते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर), तुरुंगातलं समुपदेशन, बालकल्याण यासाठी समाजकार्य जास्त उपयोगी.

अमेरिकेत या विषयात पदवी करून यावं का?

तिथे हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. न्यूयॉर्कचं जॉन जे कॉलेज त्यासाठीच ओळखलं जातं. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि त्यातला मोठा भाग सर्वसाधारण शिक्षणाचा असतो. जे मराठी कुटुंबं तिथे स्थायिक आहेत त्यांच्या मुलांनी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात करून मग विद्यापीठात जाण्याचा विचार जरूर करावा, फक्त कोणते क्रेडिट पुढे धरले जातील हे लेखी घ्यावं.

इथून विद्यार्थी व्हिसावर जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. एफबीआयसारख्या संस्थांना अमेरिकन नागरिकत्व लागतं. आणि तिथे शिकलेली कार्यपद्धती इथे चालत नाही. तिथे दहापैकी नऊहून अधिक दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीच्या तडजोडीतून होतात, आपल्याकडे ती तरतूद असूनही क्वचित वापरली जाते. तिथे ज्युरी आहे, आपल्याकडे नाही. इथे काम करायचं असेल तर पदवी इथेच करा. पदव्युत्तर शिक्षणाला, संशोधनासाठी, बाहेर जा.

मुलीने हा विषय घ्यावा का? आम्हाला काळजी वाटते.

जरूर घेऊ द्या. ठाण्यात, समुपदेशन कक्षात, सरकारी वकिलांच्या कार्यालयात बाईसमोर बाई बसली की जबाब वेगळा येतो. काळजी करायचीच तर मुलगा-मुलगी दोघांच्याही मनाची करा. हिंसेची कागदपत्रं सतत वाचून झोप उडते, चिडचिड वाढते. अशा वेळी महाविद्यालयातल्या समुपदेशकाकडे जाण्यात काहीही कमीपणा नाही.

चौथं वर्ष करावं का?

संशोधनाची आवड असेल आणि पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के असतील तर संशोधनासह ऑनर्स करा, मग पदव्युत्तर शिक्षण एका वर्षात होतं. कायद्याकडे जायचं असेल तर तीन वर्षांत बाहेर पडून एलएल.बी.ला प्रवेश घ्या.

मराठी माध्यमातून शिकलो. अडेल का?

तालुका आणि जिल्हा न्यायालयांचं काम मराठीत चालतं. फिर्याद, जबाब, पंचनामा सगळं मराठीत. नेमकं, पाल्हाळ न लावता मराठी लिहिता येणं हे या क्षेत्रातलं मोठं कौशल्य आहे. इंग्रजी उच्च न्यायालयासाठी आणि वाचनासाठी लागतं, तेव्हा भाषेच्या पेपरमध्ये इंग्रजी घ्या आणि रोज एका निवाड्याची चार पानं वाचा.

साहित्य कुठून घ्यायचं? गाइड पुरतात का?

गाइडने पेपर सुटतो, एवढंच. कायद्यांचा मूळ मजकूर इंडिया कोड या सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. सर्वोच्च न्यायालयाचे अनेक निवाडे आता मराठी अनुवादातही मिळतात. सुरुवात डी. के. बसू, ललिता कुमारी, अर्णेश कुमार आणि हुसैनारा खातून या चार प्रकरणांपासून करा: कोठडीतली वागणूक, एफआयआरची सक्ती, विनाकारण अटक आणि खटल्याची दिरंगाई. ई-कोर्ट्सवर तुमच्या तालुक्याच्या कोर्टाची रोजची यादी दिसते. ती आदल्या रात्री पाहून ठेवली की सकाळी कुठल्या कोर्टात बसायचं ते ठरवता येतं.